अक्षरांचे मंदिर : हिब्रू सचित्र पोथ्यांची कला



आकाशात, पृथ्वीवर किंवा पाण्यात जे काही आहे त्याची मूर्ती वा प्रतिमा करून तिच्यापुढे नमू नये, ही यहुदी धर्माच्या मूळ दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या ती कानावर असते, आणि तिच्यावरून आपण सहज असा तर्क करतो की, या लोकांच्या हातून व्याकरण, वैद्यक, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र असे पुष्कळ काही घडले असेल, परंतु चित्रकला घडली नसेल. ऑक्सफर्ड, लंडन, पॅरिस, लिस्बन, जेरुसलेम, सारायेवो येथील ग्रंथसंग्रहांत जतन केलेल्या जुन्या हिब्रू पोथ्यांची पाने पाहिली म्हणजे हा तर्क टिकत नाही. त्या पानांवर सोन्याचा वर्ख आहे, लाजवर्दाचा गडद निळा रंग आहे, सिंह आहेत, मोर आहेत, समुद्र ओलांडणारे लोक आहेत, डफ वाजवून नाचणाऱ्या स्त्रिया आहेत.

पानावरील सोन्यावर प्रकाश पडला की पान आतून उजळल्यासारखे दिसते, म्हणून युरोपात अशा हस्तलिखितांना ‘उजळलेल्या पोथ्या’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. या कलेसंबंधी तीन प्रश्नांचा आपण विचार करू. प्रतिमेविषयी इतका संकोच असलेल्या समाजाने पोथी का रंगविली? कशी रंगविली? आणि जो समाज एका देशातून दुसऱ्या देशात वारंवार हाकलला गेला, त्याच्या या अतिनाजूक वस्तू आजवर टिकल्या कशा? हा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण त्याच्याकडे पहिल्या दोहोंच्या वाटेनेच गेले पाहिजे.

गुंडाळी आणि पोथी

प्रारंभीच एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. यहुदी प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, जी ‘तोरा’ वाचली जाते ती चामड्याच्या पत्र्यांची लांब गुंडाळी असते. ती कशी लिहावी याचे नियम अत्यंत कडक आहेत. तीत स्वरचिन्हे घालावयाची नाहीत, नक्षी काढावयाची नाही, आणि एखादे अक्षर जरी गळाले किंवा मोडले तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास अपात्र ठरते. तेथे चित्रकाराला प्रवेशच नाही.

परंतु याच धर्मग्रंथाची पाने शिवून बांधलेली पोथी ही निराळी वस्तू होय. ती घरी अभ्यासासाठी, मुलांना शिकविण्यासाठी, किंवा गुंडाळी लिहिताना शुद्ध पाठ ताडून पाहण्यासाठी ठेवीत. तिला गुंडाळीचे नियम लागू नव्हते. प्रार्थनासंग्रह, सणाच्या रात्री वाचावयाची ‘हगादा’, विवाहाचा करारलेख, एस्तेर राणीच्या कथेची गुंडाळी या सर्वांनाही अशीच मोकळीक होती. या मोकळ्या जागेतच ही कला रुजली आणि वाढली.

अक्षर हेच पहिले चित्र

हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात हे सर्वश्रुत आहे. तिचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्याला विशेष जवळचे वाटेल. लॅटिन लिपीतील अक्षरे आखलेल्या रेषेवर उभी राहतात. हिब्रू लेखक मात्र चामड्याच्या पानावर टोकदार हत्याराने रेषा ओढून घेई आणि अक्षरे त्या रेषेखाली टांगी, जशी आपली देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची पद्धत नव्हती. म्हणून ओळ भरण्यासाठी काही अक्षरे आडवी ताणून रुंद करीत. अशा ताणलेल्या अक्षरांमुळे मजकुराचा ठोकळा दोन्ही बाजूंनी कातरल्यासारखा नीट दिसतो.

हिब्रूत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही. याचा परिणाम चित्रकलेवर झाला. ख्रिस्ती मठांतील लॅटिन पोथ्यांत प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे काढून त्याच्या पोटात चित्र रंगविण्याची रीत होती. हिब्रूत असे सुटे मोठे अक्षरच नसल्याने तेथील चित्रकाराने पहिला संपूर्ण शब्द उचलला, त्याभोवती सोन्यारंगांची चौकट केली, आणि त्या चौकटीत पाने, फुले, पशुपक्षी यांची दाटी केली. प्रकरणाच्या तोंडाशी असा एक शब्द एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाजासारखा उभा राहतो.

साधने सारी ओळखीचीच होती. शाई कधी दिव्याच्या काजळीची, कधी मायफळ आणि हिराकस यांची. पूर्वेकडील आणि स्पेनमधील लेखक बोरूने लिहीत, त्यामुळे त्यांची अक्षरे सारख्या जाडीची आणि ठाशीव आहेत. जर्मनी-फ्रान्समधील लेखक पक्ष्याच्या पिसाची लेखणी वापरीत, म्हणून त्यांच्या अक्षरांत आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक दिसतात. केवळ अक्षराच्या वळणावरून पोथी कोणत्या मुलखात लिहिली गेली हे जाणकार ओळखतो. तांबड्यासाठी हिंगूळ आणि शेंदूर. निळ्यासाठी लाजवर्द हा दूर अफगाणिस्तानातून येणारा मोलाचा दगड. सोने लावण्यापूर्वी पानावर खडूची पूड आणि सरस यांचा लेप देऊन थोडा उंचवटा करीत, त्यावर वर्ख बसवीत, आणि गुळगुळीत दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटून त्याला चकाकी आणीत. सहाशे वर्षांनंतरही ती चकाकी उतरलेली नाही.

टीपांची वेल

या कलेत एक प्रकार मात्र असा आहे की जो यहुद्यांनी स्वतःच घडविला, आणि तो समजून घेण्यासाठी थोडे पाठरक्षणाच्या इतिहासात शिरावे लागेल. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान गॅलिलीच्या सरोवराकाठी तिबेरिया येथे धर्मग्रंथाचा पाठ शुद्ध राखण्याचे व्रत घेतलेले पंडित होऊन गेले. मूळ हिब्रू लेखनात केवळ व्यंजने असत. या पंडितांनी स्वरांची आणि पठणातील आघातांची चिन्हे बसविली. शिवाय अमुक शब्द ग्रंथात किती वेळा येतो, कोठे त्याचे लेखन नेहमीपेक्षा निराळे आहे, अशा सहस्रावधी नोंदी केल्या. या नोंदींना ‘मसोरा’, म्हणजे परंपरेने हाती दिलेले, असे म्हणतात. हेतू हा की नकलणाऱ्याने एक अक्षर जरी चुकविले तरी चूक उघडी पडावी. वेदपाठाच्या रक्षणासाठी घनपाठाची योजना करणाऱ्या आपल्या देशात या खटाटोपाचे मोल निराळे सांगावयास नको.

या टीपा समासात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहीत. लिहिता लिहिता एखाद्या लेखकाला सुचले की, ही बारीक ओळ सरळच का न्यावी? तिला वळवून वर्तुळ करता येईल, तारा करता येईल, वेल करता येईल. अशा तऱ्हेने टीपांच्याच ओळींतून नक्षी उमटू लागली. दुरून पाहणाऱ्याला रेखाचित्र दिसते. जवळ जाऊन पाहिले की प्रत्येक रेघ म्हणजे शब्दांची ओळ आहे हे कळते.

इसवी सन १००८ च्या सुमारास कैरो येथे शमुएल बेन याकोब नावाच्या लेखकाने संपूर्ण हिब्रू धर्मग्रंथाची एक पोथी लिहिली. ती आज रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. काळाची नोंद असलेली हिब्रू धर्मग्रंथाची ही सर्वांत जुनी संपूर्ण प्रत असून आजच्या चिकित्सक आवृत्त्या मुख्यतः तिच्याच आधारे निघतात. या पोथीत सोळा पाने केवळ सजावटीची आहेत. त्यांच्यावर माणूस नाही, पशू नाही. गालिच्यासारखी भौमितिक नक्षी, सोने, निळा, तांबडा, आणि नक्षीच्या कडांनी धावणारी बारीक अक्षरे. भोवतालच्या इस्लामी कलेचा संस्कार त्यांवर स्पष्ट आहे. म्हणजे ज्या पोथीवर विद्वान शुद्ध पाठासाठी विसंबतात तीच या कलेचाही उत्तम नमुना आहे. पाठरक्षण आणि सौंदर्य ही तेथे एकाच हाताची कामे होती.

चित्रे काढावी की न काढावी?

हे सर्वांना पसंत होते असे मात्र नाही. तेराव्या शतकाच्या प्रारंभी निवर्तलेल्या यहुदा ‘हसीद’ या जर्मन सत्पुरुषाच्या परंपरेतील ग्रंथात असा उपदेश आहे की, टीपा लिहिण्यासाठी लेखक लावताना त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे की त्याने टीपांचे पशुपक्षी किंवा झाडे करू नयेत. कारण मग त्या वाचणार कोण? ही तक्रार अगदी व्यवहारी आहे. त्याच शतकात राबी मेईर या रोटेनबुर्गच्या थोर धर्मशास्त्र्याला प्रार्थनापुस्तकातील पशुपक्ष्यांच्या चित्रांविषयी विचारण्यात आले. त्याने निर्णय दिला की ही चित्रे उचित नाहीत, कारण ती पाहताना प्रार्थनेवरचे लक्ष उडते. परंतु ते नुसते सपाट रंग आहेत, कोरीव मूर्ती नव्हेत, म्हणून मूर्तिनिषेधाचा भंग त्यांत होत नाही. शास्त्र्याने नापसंती दर्शविली, पण दार बंद केले नाही.

या संकोचाचे एक विलक्षण फळ म्हणजे सन १३०० च्या सुमारास दक्षिण जर्मनीत मेनाहेम नावाच्या लेखकाने लिहिलेली हगादा. ती आज जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. तिच्यातील माणसे भाकरी भाजतात, मेजाभोवती बसतात, इजिप्तमधून निघतात. परंतु त्यांच्या धडांवर माणसाची डोकी नसून चोचवाली पक्ष्यांची डोकी आहेत, आणि त्यावर त्या काळी यहुद्यांना घालावी लागणारी टोकदार टोपी! मनुष्याचा चेहरा पुरा काढू नये म्हणून ही युक्ती, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींच्या मते ही डोकी गरुड आणि सिंह यांच्या मिश्रणाने कल्पिलेल्या दिव्य प्राण्याची असून त्यांत आत्मगौरव आहे. वाद मिटलेला नाही.

मंदिर गेले, पोथी राहिली

आता पहिल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जमीनदोस्त केले. तेथील सोन्याचा सात फाट्यांचा दीप, भाकरीचे मेज, वेदी, धूपपात्रे हे सर्व गेले. ती जागा पुढे कधी पुन्हा भरली नाही. स्पेनमधील यहुद्यांनी बाराशे वर्षांनंतर या मंदिराला एक नवी जागा दिली, आणि ती जागा म्हणजे पोथीचे पान. सन १२९९ मध्ये पर्पिन्यान येथे लिहिलेली एक पोथी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ग्रंथाच्या आरंभी समोरासमोरच्या दोन पानांवर मंदिराची सर्व उपकरणे घोटीव सोन्यात मांडलेली आहेत. तेथे पुजारी नाही, भक्त नाही; केवळ उपकरणे, जणू उद्या कोणी येऊन ती उचलून कामास लावणार आहे.

स्पेनमध्ये अशा धर्मग्रंथाला ‘मिकदाश-या’, म्हणजे देवाचे मंदिर, असेच म्हणू लागले होते. ही कल्पना सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडली ती प्रोफियाट डुरान या पंडिताने. सन १३९१ मध्ये स्पेनभर यहुद्यांच्या कत्तली झाल्या आणि सहस्रावधी लोकांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला. डुरान हा त्यांच्यापैकीच एक. बाहेरून ख्रिस्ती म्हणून वावरावे लागलेल्या या मनुष्याने सन १४०३ मध्ये हिब्रूच्या व्याकरणावर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या प्रस्तावनेत सांगितले की, अभ्यास नेहमी सुंदर ग्रंथांतून करावा. अक्षर देखणे असावे, पाने शोभिवंत असावीत, कारण सुंदर आकृती पाहून बुद्धीला उल्हास येतो. आणि ज्याप्रमाणे मंदिर सजविणे योग्य होते त्याप्रमाणेच हा ग्रंथ सजविणेही योग्य आहे. ज्याचे देऊळ, नाव आणि धर्म सर्वच हिरावले गेले होते त्याचे हे शब्द आहेत. सोन्याचा हा खर्च डौलासाठी केलेला नव्हता हे त्यांवरून कळून येईल.

या परंपरेचे शेवटचे मोठे फूल म्हणजे सन १४७६ ची ‘केनिकट’ पोथी, सध्या ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असलेली. स्पेनच्या वायव्य टोकाला ला कोरुन्या या बंदरात मोशे इब्न झबारा याने ती लिहिली आणि योसेफ इब्न हयीम याने रंगविली. तिच्या नवशेहून अधिक पानांपैकी सव्वादोनशेहून अधिक पाने सजविलेली आहेत. अखेरीस चित्रकाराने आपले नाव एक संपूर्ण पान भरून लिहिले आहे, आणि त्या नावाचे प्रत्येक अक्षर माणसे, पशू, पक्षी आणि मासे यांच्या वळलेल्या देहांनी बनविले आहे. यापूर्वी पावणेदोनशे वर्षे आधी, सेर्वेरा गावी रंगविलेल्या एका पोथीत योसेफ नावाच्याच दुसऱ्या चित्रकाराने असेच केले होते. ती पोथी पाहून आपलीही तशीच व्हावी अशी केनिकट पोथीच्या कर्त्यांची इच्छा दिसते. चित्रकाराने इतक्या थाटाने नाव घातले त्यानंतर सोळाच वर्षांनी, सन १४९२ मध्ये, स्पेनच्या राजाराणीने सर्व यहुद्यांना देशाबाहेर घालविले. ती अक्षरे रंगविणारा हात पुढे कोठे गेला याचा इतिहासात पत्ता नाही.

घरातील पोथी

मंदिराची ही गंभीर पाने सोडून आता घरात येऊ. पेसाख म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंब मेजाभोवती बसते आणि इजिप्तच्या दास्यातून आपली सुटका कशी झाली ही कथा वडील माणसे मुलांना सांगतात. त्या रात्रीचे पुस्तक ते हगादा. तेराव्या शतकाच्या सुमारास ते प्रार्थनासंग्रहापासून सुटे झाले. मूल जागे राहावे, त्याने प्रश्न विचारावेत, हा या रात्रीचा मुख्य हेतू. तेव्हा या पुस्तकात चित्रे शिरली यात नवल ते काय? सन १३२० च्या सुमारास बार्सिलोनाच्या परिसरात तयार झालेली ‘सुवर्ण हगादा’ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या चौदा पानांवर छप्पन्न प्रसंग सोन्याच्या पार्श्वभूमीवर रंगविले आहेत. त्यांतील समुद्र ओलांडल्यावर मिर्यमबरोबर नाचणाऱ्या स्त्रियांचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. ही पोथी पुढे इटलीत गेली, आणि सन १६०२ मध्ये एका राबीने आपल्या मुलीच्या लग्नात ती जावयाला भेट दिली.

पंधराव्या शतकातील योएल बेन शिमोन हा तर जर्मनी आणि उत्तर इटली यांच्यामध्ये गावोगाव फिरून पोथ्या लिहिणारा आणि रंगविणारा कारागीर होता. सन १४७८ ची त्याची एक हगादा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तिच्यात मसीहा, म्हणजे येणारा तारणहार, गाढवावर बसून येतो आणि त्याच गाढवावर एक अख्खे कुटुंब चढून बसले आहे. धर्मभावना आणि घरगुती विनोद इतक्या मोकळेपणाने एकत्र नांदलेला क्वचितच आढळेल.

या पोथ्या रंगविणारे सर्व यहुदीच होते असेही नाही. तत्त्वज्ञ मैमोनिदेस याच्या ग्रंथाची जी प्रत चौदाव्या शतकाच्या मध्यास बार्सिलोनात एका यहुदी वैद्यासाठी तयार झाली आणि जी आज कोपनहेगनला आहे, तिची चित्रे फेरेर बासा या नामांकित ख्रिस्ती चित्रकाराच्या कारखान्यातील समजली जातात. भाषा निराळी, धर्म निराळा, पण रंगाची वाटी एक, असा हा व्यवहार होता. शेजाऱ्यांचे संबंध केवळ जुलमाचेच नव्हते, हेही या पोथ्या सांगतात.

नेणारे हात

जुलूम मात्र होताच. पॅरिसमध्ये सन १२४२ च्या सुमारास तालमुद या धर्मशास्त्राच्या पोथ्या चोवीस गाड्या भरून आणून चौकात जाळल्या, असे सांगतात. ज्या वाचल्या त्यांच्यावर कोणीतरी हात ठेवला म्हणून वाचल्या.

जर्मनीतील वर्म्स गावच्या यहुदी समाजाचा एक मोठा प्रार्थनासंग्रह सन १२७२ मध्ये लिहिला गेला. तो इतका जड होता की घरून सिनेगॉगपर्यंत उचलून नेणे हेच एक काम होते. लेखकाने एका मोठ्या शब्दाची अक्षरे आतून पोकळ काढली आणि त्या पोकळीत बारीक अक्षरांत एक वाक्य बसविले. हे पुस्तक जो उचलून प्रार्थनेला नेईल त्याला शुभ दिवस लाभो, असा त्याचा आशय आहे. ते वाक्य हिब्रूत नसून लोकांच्या घरच्या यिद्दिश बोलीत आहे, आणि त्या भाषेतील आज ठाऊक असलेले ते सर्वांत जुने वाक्य होय. सन १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी वर्म्सचे सिनेगॉग जाळले. गावच्या दप्तरखान्याचा अधिकारी फ्रीडरिश इलर्ट याने हा ग्रंथ लपवून ख्रिस्ती कॅथीड्रलच्या मनोऱ्यात ठेवला. सन १९५७ मध्ये तो जेरुसलेमला पोचला. साडेसहा शतकांपूर्वी एका अनोळखी वाहकाला दिलेला आशीर्वाद या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला आला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

दुसरी कथा सारायेवोच्या हगादेची. सन १३५० च्या सुमारास स्पेनच्या ईशान्य भागात ही तयार झाली. आरंभीची चौतीस पाने चित्रांची. सृष्टीच्या उत्पत्तीपासून कथा सुरू होते, परंतु ईश्वराची आकृती कोठेही नाही. सातव्या दिवशी विश्रांती दाखवावयाची तर चित्रकाराने नुसता एक शांत बसलेला पुरुष काढला आहे. काही पानांवर द्राक्षमद्याचे डाग आहेत, म्हणजे हे पुस्तक पेटीत ठेवण्यासाठी नव्हते, ते मेजावर वापरले जाई. स्पेनमधून ते बाहेर पडले आणि इटलीत आले. सन १६०९ मध्ये व्हेनिसला चर्चच्या वतीने पुस्तके तपासणाऱ्या विस्तोरिनी नावाच्या अधिकाऱ्याने त्यावर आपली सही केली. त्या सहीमुळे ते आगीतून सुटले. सन १८९४ मध्ये सारायेवोच्या संग्रहालयाने ते एका यहुदी कुटुंबाकडून विकत घेतले.

सन १९४२ मध्ये एक जर्मन सेनापती ते न्यावयास संग्रहालयात आला. तेथील ग्रंथपाल दर्विश कोर्कुत हा धर्मनिष्ठ मुसलमान. त्याने पोथी आपल्या कपड्यांत लपविली, संचालक योझो पेत्रोविच याने सेनापतीची समजूत घातली, आणि पोथी शहराबाहेर गेली. ती डोंगरातील एका खेड्यात, तेथील मशिदीत, युद्ध संपेपर्यंत राहिली असे सांगतात. याच कोर्कुतने आणि त्याच्या पत्नीने एका यहुदी मुलीलाही आपल्या घरात आसरा दिला होता. पुढे पन्नास वर्षांनी, १९९२ साली, सारायेवोला वेढा पडला. त्या मे महिन्यात तेथील प्राच्यविद्या संस्थेतील सहस्रावधी हस्तलिखिते जळाली. ऑगस्टात राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. परंतु हगादा वाचली, कारण एन्व्हेर इमामोविच हा पुराणवस्तुसंशोधक काही पोलीस सोबत घेऊन गोळीबारात संग्रहालयात शिरला आणि तिला बाहेर काढून बँकेच्या तळघरात पोचती केली. सन २०१७ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतिलेखांत तिची नोंद केली.

पुण्यामुंबईचा धागा

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येतो. पुण्याचे ‘लाल देऊळ’ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग आणि ससून रुग्णालय यांचे दाते डेव्हिड ससून आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे नातू डेव्हिड सॉलोमन ससून यांचा जन्म सन १८८० मध्ये मुंबईस झाला. पुढे इंग्लंडात राहून त्यांनी सहस्राहून अधिक हिब्रू आणि तत्संबंधी हस्तलिखिते जमविली. सन १९३२ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध झाली आणि तिचे नाव ठेविले ‘ओहेल दाविद’. चौदाव्या शतकात सोळा-सतरा वर्षे खपून एकाच लेखकाने पुरी केलेली ‘फर्ही’ ही नक्षीदार पोथी त्यांच्या संग्रहाचे भूषण होती.

आणि कोकणात शतकानुशतके नांदलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या गेलेल्या आपल्या बेने इस्रायल बांधवांनी सन १८७४ मध्ये पुण्यात एक हगादा छापविली. हिब्रूच्या जोडीला तिच्यात मराठी आहे. काही चित्रे जुन्या युरोपीय प्रतींवरून घेतलेली आहेत. पण सणाची बिनखमिराची भाकरी तयार करणाऱ्या बाया मात्र लुगडे नेसलेल्या आहेत. हे मुद्रण होय, सोन्याचा वर्ख त्यात नाही. परंतु बार्सिलोनाच्या चित्रकाराने इजिप्तमधील माणसांना आपल्या गावचे कपडे चढविले, तेच येथेही झाले. दूरच्या कथेला आपल्या घरचा पोशाख दिला की मुलांना ती आपली वाटू लागते.

हे सर्व पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट ठसते. ज्यांच्याजवळ देश नव्हता, देऊळ नव्हते, त्यांनी आपले सोने उचलून नेता येईल अशा वस्तूवर खर्च केले. वस्तू उचलता येण्याजोगी केली तरी ती उचलणारा कोणीतरी लागतोच, आणि त्या पोथीतील एक अक्षरही वाचता न येणाऱ्या माणसांनी ते काम प्राण धोक्यात घालून केले. आपल्याही गावोगावच्या वाड्यांतून, मठांतून, देवघरांतून तांबड्या फडक्यात बांधलेली बाडे पडून आहेत. काही मोडीत आहेत, काही फारसीत आहेत, काही आपल्या पंथाची नाहीत. ती वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जाऊ नयेत, वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. घरी असे एखादे बाड असेल तर ते उद्या सकाळी ओल नसलेल्या जागी ठेवा आणि जवळच्या संशोधन संस्थेला कळवा.